बिनतारी फोनचे मालक

मी इंदापूरला शाळेत नोकरीला लागले, तेव्हा ज्यांच्या माडीवर राहिले ते घरमालक गुरांचे डॉक्टर होते. सरकारी दवाखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मी खोली बघायला गेले त्या सकाळी ते अंगणात म्हशीच्या पाठीवर वर्तमानपत्र पसरून वाचत उभे होते. म्हैस निवांत रवंथ करत होती. तिला सवय असावी. भाडं किती, पाणी कधी येतं, हे मी विचारायच्या आत त्यांनीच चष्म्यावरून बघत मला विचारलं, "बाई, तुमी इंग्रजी शिकवणार न्हवं? मग 'कंटिंजंट लायबिलिटी' म्हंजे काय वो?"

मला येत नव्हतं. तसं मी सांगून टाकलं.

"मलाबी न्हाय येत," ते खूश होऊन म्हणाले. "म्हंजे दोघं मिळून हुडकू. खोली तुमची."

भाडं नंतर काकूंनी ठरवलं. त्या घरात व्यवहाराचं सगळं काकूच ठरवायच्या. चार म्हशींचं दूध डेअरीला घालणं, भाजीचा वाफा, गड्यांची मजुरी, सगळं त्यांच्याकडे. डॉक्टरांकडे फक्त शेअर होते. तेही एकाच कंपनीचे.

डॉक्टर मूळचे बारामतीकडच्या कऱ्हाटीचे. बाप-आजे मेंढरं राखणारे. हे घरातले पहिले शिकलेले, आणि शिकलेही जनावरांचंच. माणसाकडे बघायची त्यांची नजर त्यामुळे जरा वेगळी होती. मला ताप आला की ते नाडी बघायचे नाहीत, दुरून विचारायचे, "खाणं टाकलंय का?" टाकलं नाही म्हटलं की काळजीचं कारण संपलं. शाळेचे मुख्याध्यापक एकदा घरी आले होते. ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "मानूस चांगला हाय, पर मागच्या डाव्या पायावर भार कमी देतोय." पुढच्याच महिन्यात मुख्याध्यापक गुडघ्यासाठी पुण्याला गेले, तेव्हा मला हसू आवरेना.

पुण्याहून येणारं वर्तमानपत्र एसटीनं स्टँडवर उतरायचं आणि तिथून डॉक्टरांच्या घरी यायला उन्हं वर यायची. त्यात छापलेले बाजारभाव आदल्या दिवशीचे. मी एकदा म्हटलं, शिळा भाव वाचून काय उपयोग? तर म्हणाले, "आवो, भाव कालचाच बरा. आजचा कळला तर आज जेवन जाईल का?"

कंपन्यांविषयी त्यांचं एक शास्त्र होतं, आणि ते गोठ्यातून आलेलं होतं. इंदापूरच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस आधी तिचे दात बघतो, चालवून बघतो, सड चाचपतो आणि धार काढून बघितल्याशिवाय विसार देत नाही. "आन् हीच मानसं," डॉक्टर म्हणायचे, "कंपनी घेताना निस्तं नाव ऐकून पैसं टाकत्यात. कंपनी खाती काय, देती काय, रातीला बसती कुठं, कुणी बघायचं?"

त्यांची ती कंपनी गावोगावचे बिनतारी फोन बनवायची. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. तालुक्याच्या गावी तारेचे फोन होते, पण वाड्यावस्त्यांवर तार ओढणं परवडत नव्हतं. म्हणून गावात एका खांबावर चिलापी माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना, एक सोलरची पाटी, खाली बॅटरी, एक पत्र्याची पेटी आणि तिच्याशी जोडलेला साधा फोन, असं सगळं बसवायचं. इंदापूरच्या मनोऱ्याशी ते वाऱ्यावरून बोलायचं. डॉक्टर निवृत्तीच्या आधी लाळ-खुरकूतच्या लसी टोचायला एका वाडीवर गेले होते, तेव्हा तिथे ही पेटी बसवणं चाललं होतं. डॉक्टरांनी लस टोचणं थांबवलं आणि पेटी खालून-वरून निरखली, अगदी बाजारातली जनावरं बघतात तशी. तळाला कंपनीचं नाव होतं. बसवणाऱ्याला त्यांनी विचारलं, "ही पेटी कोण घेतं?" तो म्हणाला, सरकार घेतं. "किती गावांसाठी?" तो म्हणाला, सगळ्या.

"सगळ्या," असं स्वतःशी म्हणत डॉक्टर घरी आले. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर त्यातला मोठा भाग आणि काकूंना विचारून त्यांचे दुधाचे साठलेले पैसे घेऊन ते बारामतीला गेले. तिथे कापडाच्या दुकानावरच्या माडीवर एक शेअरवाला बसायचा. त्याने त्यांना चार कंपन्यांत थोडं थोडं घाला म्हणून समजावलं. डॉक्टर म्हणाले, "चार म्हशी घेतल्या तर मी त्येंच्या मागं फिरू कुटवर? एक द्या, पर मला तिच्याकडं बगता आलं पायजे."

आणि हे बघणं त्यांनी शब्दशः खरं केलं. कंपनीच्या इंग्रजी अहवालात, शेअर धारण करणारा हा कंपनीचा अंशतः मालक असतो, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.  दुसऱ्या दिवसापासून ते मालकासारखे वागू लागले. मोटारसायकलला एका बाजूला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, दुसऱ्या बाजूला पिशवीत पाने-पक्कड, खाण्याचा सोडा, ग्रीस, जुनं फडकं. आठवड्यातून दोन-तीनदा ते आपल्या 'गुरांना' बघायला निघायचे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढायची, ती सोड्याच्या पाण्याने धुवायची. कमी झालेलं पाणी भरायचं. सोलरची पाटी पुसायची. एका गावात त्या पाटीवर कुरडया वाळत घातलेल्या आढळल्या. डॉक्टर शिडीवर चढले, एकेक कुरडई उचलून परातीत ठेवली आणि खाली उतरून त्या घरच्या बाईला म्हणाले, "कुरडयांला ऊन लागतं तसं फोनलाबी लागतं, माय." बाई म्हणाली, "मग फोनचं ऊन निराळं मागून घ्या की सरकारकडनं."

मी त्यांना म्हटलं, "डॉक्टर, हे काम टेलिफोन खात्याचं आहे."

"लाइनमन एक, गावं कितीक," ते म्हणाले. "आन् खात्यानं पेटी इकत घेतलीया. जल्माला कुणी घातली? आमी."

हे 'आमी' हळूहळू तालुक्यात पसरलं. फोन बंद पडला की माणसं डॉक्टरांच्या दारात. "मालक, आमचा फोन मेला." थट्टेनेच म्हणायचे, पण डॉक्टर थट्टा घेत नव्हते. ते विचारायचे, "कवापासनं? आधी खरखर करत हुता का येकदम गेला?" आणि टोपी घालून निघायचे. काकू ओट्यावरून बघत राहायच्या. "लोकं कंपनीत पैसं घालून घरी बसून खात्यात," त्या मला म्हणायच्या. "ह्येंनी पैसंबी घातलं आन् गडी म्हनूनबी ऱ्हायलं."

मग एक वर्ष असं आलं की त्या शेअरचा भाव चढत सुटला. सरकार आणखी हजारो गावांत फोन देणार अशी बातमी होती. बारामतीच्या शेअरवाल्याचे रोज फोन. ज्यांनी डॉक्टरांना हसण्यावारी नेलं होतं, ते शिक्षक, ते लोणी देवकरच्या कारखान्यातले फिटर, ते हायवेवरचे ट्रकवाले आता संध्याकाळी येऊन त्यांच्या अंगणात बसायचे. डॉक्टर त्यांना म्हशीचं शास्त्र सांगायचे. ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी भलतेच शेअर घ्यायचे.

त्याच सुमाराला घराच्या मागची कालव्याकाठची जमीन विकायला निघाली. काकूंच्या भाजीच्या वाफ्याला लागूनच. काकूंचं माहेर बागायतदारांचं, भाजीपाला आणि डाळिंब लावणारं. त्या जमिनीकडे त्या कित्येक वर्षं डोळे लावून होत्या. त्या दिवशी जेवायला मीही होते. काकूंनी वाढता वाढता सरळ सांगितलं, "समदं इका. आत्ता इकलं तर ती जमीन येती. परत याची न्हाय."

डॉक्टर भाकरी मोडत राहिले. "इकायची म्हंजे... मागं त्या गावांचं कोण बगंल?"

"ज्यो इकत घेईल त्यो बगंल."

"त्यो मुंबईत बसलेला आसंल."

"मग मुंबईतल्यानं बगावं. तुमचं वय काय, त्या शिड्या काय! येक दिवस पडशीला." काकूंचा आवाज चढला नाही, पण त्यांनी डाळीचं भांडं खाली ठेवलं ते जरा जोरात. "माझं दूध हाय त्यात. माज्या म्हशींचं पैसं घातल्यात तुमी. मला इचारून घातलं. आता मी सांगती, काडा."

त्यात खोटं काही नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "बेस्तरवारी बारामतीला जातो."

जमिनीच्या मालकाला काकूंनी निरोपही धाडला. मला वाटतं, त्या आठवड्यात त्यांनी मनातल्या मनात तिथे डाळिंबाची रोपंही लावून टाकली असतील.

बुधवारी बिरूतात्या आले.

तालुक्याच्या माळाकडच्या एका वाडीवर राहणारे हे म्हातारे डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे. त्यांची मेंढरं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं बघितलेली. आता कळप उरला नव्हता, थोडी शेती, मुलगा मजुरीला जायचा. वाडीवरचा फोन पंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत होता. डॉक्टर तिथे महिन्याभरापूर्वी जाऊन आले होते, बॅटरी धुवून, फोन वाजवून.

तात्या ओट्यावर बसले. काकूंनी पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं नाही.

"सुनंचं दीस भरलं हुतं," ते म्हणाले. "सोमवारी दुपारी कळा सुरू झाल्या. सुईन म्हनली, आडवं हाय, मोठ्या दवाखान्यात न्ह्या. पोरगं फोनकडं पळालं. फोनात काय न्हाय. निस्ता थंड. मग सायकलीवर पुढच्या गावाला गेलं. तितनं टॅक्टर आनला."

डॉक्टर उभे होते. ते खाली बसले.

"सून वाचली," तात्या म्हणाले. "बाळ न्हाय वाचलं."

 गोठ्यात म्हशीच्या गळ्यातली साखळी तेवढी वाजली. तात्यांनी पटक्याने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात, भांडायला आल्यासारखं जराही नाही, विचारलं, "डाक्टर, तुमी मालक हायसा म्हनत्यात. म्हनून इचाराया आलो. आसं का झालं?"

 डॉक्टरांनी तात्यांचा हात धरला. म्हणाले, "तात्या, मला ठावं न्हाय. मी हुडकतो." तात्या मान हलवून उठले. काकूंनी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टर सकाळीच आंघोळ करून, शेअरच्या कागदांची पिशवी काखेत घेऊन ओट्यावर बसले. बारामतीची गाडी निघायला वेळ होता. पण त्यांचा चेहरा शब्द दिल्याप्रमाणे निघालेल्या माणसाचा होता, मनाने निघालेल्याचा नव्हता. मी शाळेला निघाले होते. काकू धार काढून आल्या. दुधाची बादली हातातच होती.

"कुटं निगालासा?"

"बारामतीला. इकून येतो."

काकू बादली धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता नगा इकू."

डॉक्टर वर बघायला लागले.

"आत्ता इकलं तर त्या म्हाताऱ्याला तोंड कसं दावायचं? त्यो मालक म्हनून इचाराया आला. तुमी म्हनला, हुडकतो. मग आता मालकी सोडून कसं चालंल?" एवढं बोलून त्या आत गेल्या. दूध गाळायला घेतल्याचा आवाज आला. जमिनीच्या मालकाला त्यांनीच परत निरोप पाठवला. जमीन पुढच्याच पंधरवड्यात दुसऱ्याने घेतली. तिथे त्याने डाळिंबच लावलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती बाग दिसायची. काकू त्याविषयी बोललेल्या मला आठवत नाहीत, फक्त त्या खिडकीशी उभं राहून भांडी घासायचं त्यांनी सोडलं.

डॉक्टरांनी कंपनीला पत्रं लिहिली. मी इंग्रजी करून दिली. उत्तरं आली, ती नम्र होती आणि त्यांत काही नव्हतं. शेवटी कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस आली. डॉक्टर म्हणाले, "आपुन जाऊ." आपण म्हणजे ते, काकू आणि मी. काकूंनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. डॉक्टरांनी मुलीच्या लग्नातला कोट काढला. आम्ही चांगलं आदल्या सकाळीच निघून मुंबईत काकूंच्या भाचीकडे मुक्काम केला आणि वेळेच्या बऱ्याच आधी सभागृहात जाऊन बसलो.

गार सभागृह होतं. दारातच प्रत्येकाला खाऊचा डबा मिळत होता. काकूंनी तो उघडून बघितला, आतली कचोरी हुंगली आणि परत बंद केला. व्यासपीठावर कंपनीचे अध्यक्ष आणि आणखी सातआठ माणसं. अध्यक्षांनी इंग्रजीत भाषण केलं. किती गावं जोडली, किती जोडणार. मग भागधारकांना बोलायला सांगितलं. एकाने भाव आणखी कधी चढेल विचारलं, एकाने बोनस कधी, एकाने तर गेल्या वर्षीचा डबा चांगला होता अशी तक्रार केली. लोक हसले.

डॉक्टर उठले. ध्वनिक्षेपक हातात आला तेव्हा त्यांनी आधी तो तोंडापासून लांब धरला, मग जवळ.

"नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातनं आलोय. जनावरांचा डॉक्टर हाय. तुमच्या अहवालात जोडलेल्या गावांचा आकडा हाय. त्यातली आमच्या तालुक्यातली गावं मी माझ्या डोळ्यांनी बगितली. साहेब, ती जोडलेली हायती. पर बोलत न्हाईत."

सभागृहात थोडी खळबळ झाली. डॉक्टरांनी बिरूतात्यांच्या सुनेचं सांगितलं. नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही. जनावराचं दुखणं मालकाला समजावून सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमी मालक, तसा मीबी मालक. त्या म्हाताऱ्यानं मला इचारलं, आसं का झालं. मी तुमाला इचारतो. मला त्येला सांगायचं हाय."

अध्यक्षांनी माझ्यासारख्याच कुणाकडून तरी अर्थ समजून घेतला. मग इंग्रजीत खेद व्यक्त केला आणि म्हणाले, आम्ही यात जरूर लक्ष घालू. पुढच्या माणसाने ध्वनिक्षेपकासाठी हात केला. डॉक्टरांनी मला विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कधी?"

पण ध्वनिक्षेपक पुढे गेला होता. कुणीतरी म्हणालं, "बसा आजोबा." डॉक्टर म्हणाले, "मी उभा हाय. तुमचं चालू द्या." आणि ते उभे राहिले. पुढचे प्रश्न झाले, ठराव झाले, हात वर झाले, हिशेबतपासनीस नेमले गेले. डॉक्टर कोटाची गुंडी लावून, हात बांधून, कुणाला अडथळा होणार नाही असे उभे. मागच्या माणसाला दिसत नव्हतं म्हणून थोडे बाजूला सरकले तेवढंच. काकू शेजारी बसून त्यांच्या कोटाचं टोक धरून होत्या. ओढण्यासाठी धरलं नव्हतं. नुसतं धरलं होतं.

सभा संपली, व्यासपीठ रिकामं झालं. आम्ही बाहेर पडत होतो तेव्हा मागून एक गृहस्थ धावत आले. चाळिशीचे, शर्टाच्या खिशाला पेन, चेहऱ्यावर संकोच. कंपनीत दुरुस्ती विभागाचे इंजिनिअर होते. मराठीच होते, नागपूरकडचे. म्हणाले, "साहेबांनी मला पाठवलंय. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो."

डॉक्टर पटकन म्हणाले, "मग आज चला."

आज नाही, पण पंधरा-वीस दिवसांत ते खरंच आले. डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी वाडी न् वाडी पालथी घातली. काकूंच्या हातची भाकरी खाऊन मुक्कामाला राहिले. वाडीवरची पेटी उघडून, मीटर लावून, भर दुपारी त्या पत्र्याच्या खोलीत बराच वेळ बसले आणि घामाने निथळत बाहेर आले. दोष त्यांना सापडला होता. बॅटरी भरणारा जो भाग होता तो या उन्हात, तापल्या पत्र्याखाली टिकत नव्हता. डॉक्टर बॅटरी धुवून आले की काही दिवस चाले, मग गरम होऊन गप्प होई. "आमच्याकडे हे एसी खोलीत तपासलंय," इंजिनिअर खाली बघत म्हणाले. "चूक आमची आहे. भाग बदलून देतो. पण तोवर पेट्या पत्र्याखालून हलवा. माळवदाच्या घरात, मातीच्या छताखाली, जाड भिंतीत ठेवा."

कारण कळलं, ते डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तात्यांना जाऊन सांगितलं. आणि मग विचारायला नको होतं ते विचारलं. वाडीवर माळवदाचं धड घर एकच उरलं होतं, तात्यांचं.

तात्या म्हणाले, "न्हाय. ते मढं माज्या घरात नगं."

 डॉक्टर निघायला उठले, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तेवढ्यात आतल्या दाराआडून सुनेचा आवाज आला. "आसू द्या, मामंजी. हितं आसला म्हंजे बंद पडला तर आपल्याला कळंल तरी."

पेटी तात्यांच्या घरात गेली.

पुढचं आता सांगून टाकते. कंपनीने भाग बदलले, पण सगळीकडे बदलायच्या आत तिचे दिवस फिरले. नवी यंत्रं आली, सरकारने मागणी थांबवली, भाव उतरता उतरता असा उतरला की बारामतीचा शेअरवाला डॉक्टरांना फोन करायचा थांबला. दशक संपता संपता कंपनीच बंद झाली. डॉक्टरांनी शेवटपर्यंत एकही शेअर विकला नाही. लोक त्यांना वेडं म्हणाले. अंगणातली संध्याकाळची बैठक केव्हाच उठली होती. "म्हातारी म्हैस कुणी इकत न्हाय," एवढंच ते म्हणायचे, आणि कॅन भरून निघायचे. कंपनी नव्हती, पण पेट्या होत्या.

तोवर मी लग्न होऊन सोलापूरला गेले होते. पण त्याआधीची, मी इंदापुरात असतानाची एक दुपार सांगायची राहिली आहे.

उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. मी खाली काकूंकडे बसून पापड लाटत होते. डॉक्टरांच्या घरचा फोन वाजला. त्यांनी घेतला आणि ते उभेच राहिले. "तात्या? कुटनं बोलतासा? घरनं? बोला, बोला." मग म्हणाले, "निगतो," आणि रिसीव्हर ठेवून तसेच अनवाणी हायवेकडे पळाले. काकू म्हणाल्या, "दुसरी खेप हाय सुनंची." त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

डॉक्टर परत आले ते जीप धाडून. ओळखीचा जीपवाला, त्याला वाडीवरून सुनेला घेऊन थेट दवाखान्यात जायला सांगितलं होतं, आणि पोहोचल्यावर निरोप द्यायला. आम्ही वाट बघत बसलो. वेळ जाता जाईना. डॉक्टर चारदा दवाखान्याकडे निघाले आणि चारदा काकूंनी त्यांना बसवलं. "तुमी जनावरांचं डॉक्टर. तितं जाऊन काय करनार?"

शेवटी डॉक्टरांनी फोन उचलला आणि तात्यांच्या घरचा नंबर फिरवला. पलीकडे तात्यांची म्हातारी होती. घरातले सगळे जीपमधून गेले होते, ती एकटी राहिली होती. तिलाही काही कळलं नव्हतं. उलट तीच यांना विचारत होती.

"मलाबी आजून कळलं न्हाय, म्हातारे," डॉक्टर म्हणाले. "कळंल. तू फोन ठेवू नगंस. मीबी ठेवत न्हाय."

आणि त्यांनी ठेवला नाही. स्टूल ओढून बसले. म्हातारीला काय बोलावं ते कळत नसावं, म्हणून डॉक्टरच बोलत होते. तिच्या जुन्या कळपातल्या एका खोडकर मेंढ्याविषयी, ज्याने डॉक्टरांना एकदा ढुशी मारून नाल्यात पाडलं होतं. कुठल्या साली मेंढरं कुठे चारायला नेली होती, तिथे पाणी कसं होतं. मध्ये मध्ये "हाय, मी हाय" म्हणायचे. काकू दारात उभ्या होत्या. कपाळावरचा घाम पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी जीप थांबली. जीपवाला खाली उतरला नाही, तिथूनच ओरडला, "मुलगी! दोगी बऱ्या हायत!"

डॉक्टरांनी रिसीव्हर दोन्ही हातांत धरला. "म्हातारे, ऐकलंस का? नात झाली. नात. सून बरी हाय. दोगी बऱ्या हायत."

पलीकडे काय झालं ते मला दिसत नव्हतं. पण माळावरच्या त्या घरातून, कसल्याही तारेवाचून जो आवाज आला तो मी बसले होते तिथपर्यंत पोहोचला. ते रडणं होतं की हसणं, मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी थोडं ऐकलं. मग रिसीव्हर काकूंपुढे धरला. काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले, तो कानाला लावला, आणि बराच वेळ नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.